हवाई छायाचित्र आणि पाचवीचा वर्ग



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला 'शाश्वत विकास आणि शालेय शिक्षण' असा विषय सुचवला होता. मी तो अरुंद करून घेतला. विषय एवढा ऐसपैस असला की वक्ता दहाव्या मिनिटाला उपदेशावर येतो आणि श्रोते घड्याळावर. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला आणि उपदेशाचा त्यांना तिटकारा होता, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा आज एकाच साधनाबद्दल बोलतो. ते साधन म्हणजे आकाशातून काढलेला फोटो. तो विमानातून काढलेला असेल, ड्रोनमधून, पतंगाला कॅमेरा बांधून किंवा उपग्रहातून. जाणकार या प्रकारांत फरक करतात आणि तो योग्यच आहे. पाचवीतल्या पोराला मात्र त्याचे काही वाटत नाही, म्हणून आज मीही तो बाजूला ठेवतो.

आधी सध्या काय चालते ते पाहू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला. तो खरोखर शिकवला जावा म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले. आपल्याकडे नववी-दहावीला आता 'जलसुरक्षा' हा वेगळा विषयही आहे. म्हणजे तक्रार अभ्यासक्रमाबद्दल नाही. शाश्वत विकासाची व्याख्या कुठल्याही मुलाला विचारा, तो घडाघडा म्हणेल. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून ती आली: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे. व्याख्या चांगलीच आहे. मग प्रकल्प वही येते. स्टेशनरीच्या दुकानात 'प्रदूषण' नावाचा छापील चार्ट मिळतो, मुले त्यातली चित्रे कापून वहीत चिकटवतात. त्या चित्रांत धूर ओकणारी चिमणी असते, तेल माखलेला पक्षी असतो, तडे गेलेल्या जमिनीवर बसलेला शेतकरी असतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातला मुलगाही तीच चिमणी चिकटवतो आणि श्रीरामपूरच्या उसातलाही तीच. दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क पडतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की या वहीच्या जागी मुलाच्या स्वतःच्या गावाचा, वरून काढलेला एक मोठा फोटो ठेवा. आणि तो उत्तर म्हणून ठेवू नका, प्रश्नपत्रिका म्हणून ठेवा. पुढचा तासभर मी या दुसऱ्या वाक्याबद्दलच बोलणार आहे, कारण गडबड तिथे होते.

लहान मुलाला असा फोटो कळतो का, ही पहिली शंका. जेम्स ब्लाउट आणि डेव्हिड स्टी या भूगोलाच्या अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि पोर्तो रिको इथल्या मुलांना हवाई फोटो दाखवले. नुकतीच शाळेत दाखल झालेली मुले होती. कुणी न शिकवता त्यांनी घरे, रस्ते, झाडे ओळखली. ब्लाउट यांचा तर्क असा की मुले खेळण्यांशी खेळतात तेव्हा छोट्या जगाकडे ती वरूनच पाहत असतात, तीच सवय इथे कामी येते. यावर पुढे इतर अभ्यासकांनी हरकत घेतली, की आकार ओळखणे वेगळे आणि मापाचा अंदाज येणे वेगळे. मुले मोठी गोष्ट लहान समजून बसतात. हरकत रास्त आहे आणि वर्गात ती रोज खरी ठरते. पण ब्लाउट यांच्या तर्काला आपल्याकडे पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीत ज्या पोराने अंगणात किल्ला केला आहे, तटाला माती लिंपली आहे, हळीव पेरून शेते उगवली आहेत आणि पायथ्याला आरशाच्या तुकड्याचे तळे मांडले आहे, त्याने एक अख्खा मुलूख वरून पाहिलेला असतो. त्याला हवाई फोटो नवा नाही.

नवे आहे ते फोटोचे त्याच्या हातात येणे. वरून पाहणे हे आजवर राजाचे, लष्कराचे आणि महसूल खात्याचे काम होते. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून पहिला हवाई फोटो काढला. आधीचे प्रयत्न फसत होते, कारण बलूनच्या तोंडातून सुटणारा गॅस ओल्या काचांवरचे रसायन काळे पाडत असे. ते तोंड बंद ठेवल्यावर कुठे चित्र उमटले. या उद्योगात त्याच्या डोक्यात होती ती जमिनीची मोजणी. पुढे महायुद्धांनी हे तंत्र वाढवले. आपल्याकडे तर हवाई फोटो संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय पाहायलाही मिळत नसत. भूगोलाच्या शिक्षकाला स्वतःच्या तालुक्याचा फोटो मिळत नव्हता, हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. २००५ मध्ये गूगल अर्थ आले तेव्हा राष्ट्रपती कलामांनी सुरक्षेची जाहीर काळजी व्यक्त केली होती. २००९ मध्ये इस्रोने स्वतःचे 'भुवन' हे संकेतस्थळ उघडले. २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची बरीचशी बंधने उठवली. आता अडचण परवानगीची उरली नाही. फोटोचे करायचे काय, याची आहे.

याबाबतीत फ्रान्सकडे बघण्यासारखे आहे. यान आर्तुस-बेरत्राँ हा छायाचित्रकार तरुणपणी केनियात सिंहांचा अभ्यास करायला गेला, पोटापाण्यासाठी पर्यटकांना बलूनमधून फिरवू लागला आणि वरून फोटो काढायची त्याला चटक लागली. १९९९ मधले त्याचे आकाशातून दिसणाऱ्या पृथ्वीचे पुस्तक जगभर गेले. पुढे त्याच्या 'गुडप्लॅनेट' या संस्थेने फ्रान्सच्या शिक्षण खात्याबरोबर मोठमोठ्या पोस्टरांचे संच केले आणि ते शाळांना फुकट वाटले. एका संचाचा विषय शाश्वत विकास, दुसऱ्याचा जैवविविधता, मग पाणी, जंगल. वर भव्य फोटो, खाली मजकूर. शाळेच्या व्हरांड्यात जगाचे प्रदर्शन लागले. सरकारी खात्याने एका छायाचित्रकाराला एवढे मनावर घेतले याचा मला हेवा वाटतो.

पण त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोकडे जरा रोखून पाहा. न्यू कॅलेडोनिया बेटावर व्होह नावाचे गाव आहे. तिथल्या खारफुटीच्या जंगलात मधोमध बदामाच्या आकाराची मोकळी जागा आहे. १९९० मध्ये टिपलेला हा बदाम पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला आणि पृथ्वीप्रेमाची खूणच होऊन बसला. तो कसा तयार झाला? ती जागा किंचित उंच आहे. फक्त मोठ्या भरतीला तिथे समुद्राचे पाणी चढते, मग उन्हाने आटते, मीठ मागे राहते. वर्षानुवर्षे साचलेल्या त्या मिठामुळे तिथे खारफुटीही नीट वाढत नाही. म्हणजे जगाने ज्याला हृदय म्हटले ते मिठाने खाल्लेले रान आहे. आणि याच व्होहच्या हद्दीत कोनियांबोचा डोंगर आहे, जिथे निकेलची प्रचंड खाण आणि कारखाना झाला. तो चौकटीत नाही. मी छायाचित्रकाराला दोष देत नाही, चौकट कुठेतरी संपवावीच लागते. पण पोस्टर भिंतीवर लागले की मूल 'किती सुंदर!' म्हणते आणि पुढे जाते. उंचीचा हा गुण आहे. वरून सगळेच सुंदर दिसते. तेलाचा तवंग, कचऱ्याचा डेपो, कोरडी पडलेली नदी यांची नक्षी होते.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. नौदलात छायाचित्रकार असलेल्या गोपाळ बोध्यांनी किल्ले आणि दीपगृहे वरून टिपली. उद्धव ठाकरे यांची 'महाराष्ट्र देशा' आणि 'पहावा विठ्ठल' ही हवाई छायाचित्रांची पुस्तके घराघरांत पोचली. सिंधुदुर्गाचा तट वरून पाहिल्यावर ज्याची छाती फुगली नाही असा मराठी माणूस विरळा. पण किल्ल्यांचे जे झाले ते उसाच्या मळ्यांचे, शेततळ्यांचे, एमआयडीसीच्या नाल्यांचे झाले नाही. त्यांचे पुस्तक कोण काढणार? आणि काढले तर घेणार कोण? ते काम शाळेनेच करायला हवे.

आता प्रवरेच्या खोऱ्यात चला. मी त्याच भागात शिकवले, म्हणून उदाहरण तिथले घेतो. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. शेजारच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, संगमनेरला येईपर्यंत तो पाचशेच्या घरात उतरतो. या दोन आकड्यांच्या मध्ये भंडारदऱ्याचे धरण आहे. काम १९१० मध्ये सुरू झाले, १९२६ मध्ये पुरे झाले. धरणाचे पाणी नदीतून खाली येते आणि संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. दुष्काळी मुलखाला आधार म्हणून हे कालवे आखले. पिकला ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास याच पाण्यावर उभा राहिला आणि पुढचा इतिहास आपण जाणताच.

हे सगळे धड्यात आहे. ते फोटोत कसे दिसते? मे महिन्यातला फोटो घ्या. सहा फूट बाय चार फूट फ्लेक्सवर छापून आणा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स जिथे छापतात तिथेच हेही छापून मिळते, आणि गावातल्या कुठल्याही दादांच्या फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडते, कारण त्यावर सौजन्य म्हणून पन्नास जणांचे चेहरे नसतात. तो भिंतीवर टांगू नका. भिंतीवर उत्तर दिशा 'वर' जाते आणि नदी 'खाली' उतरायला लागते. मुलांच्या डोक्यातला हा गोंधळ दहावीपर्यंत टिकतो. फोटो वर्गात जमिनीवर अंथरा, होकायंत्राने उत्तरेला उत्तर जुळवा, चपला काढून मुलांना त्यावर सोडा. पहिली दहा मिनिटे नुसता कालवा होतो. जो तो आपले घर शोधत असतो. देवळाचे शिखर वरून ओळखू येत नाही, पण त्याची सावली ओळखू येते. पाण्याची टाकी सापडते, एसटी स्टँड सापडतो, शाळेचे पत्रे सापडतात. हा आरडाओरडा थांबवायचा नाही. स्वतःचे घर सापडल्याशिवाय मूल पुढचा एकही प्रश्न मनापासून घेत नाही.

मग एखादे पोर विचारते, 'सर, हे हिरवे इथेच एकदम का संपते?' मे महिन्यात प्रवरेच्या काठाला हिरवा पट्टा असतो आणि एका वळणदार रेघेपाशी तो सुरीने कापल्यासारखा थांबतो. रेघेच्या पलीकडे तपकिरी माळ. ती रेघ म्हणजे कालवा. कालव्याचे पाणी आपल्या भाराने उताराकडेच जाणार, म्हणून कालव्याखालचे रान हिरवे आणि वरचे कोरडे. कालवा जवळजवळ सारख्या उंचीवरून डोंगराला वळसे घेत जातो. समोच्च रेषा शिकवायला आम्ही थर्माकोलचे डोंगर करायचो. इथे ती रेषा उसाने आखून ठेवली आहे. पण भूगोल इथे संपत नाही. रेघेच्या खाली कोणाची जमीन, वर कोणाची? वरच्यांनी पाण्यासाठी काय केले? धरणाच्या पाण्याखाली कोणाची शिवारे गेली, आणि त्यांच्या वाटणीला रेघेची कुठली बाजू आली? पाचवीतल्या मुलांना हे प्रश्न पडतात. विचारायची हिंमत अनेकदा मोठ्यांना होत नाही.

त्याच हिरव्या पट्ट्यात पांढरे डाग दिसतात. एकदा वर्गात त्यांवरून वाद लागला होता. कुणी म्हणाले पत्र्याची शेड, कुणी म्हणाले पोल्ट्री. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'ते आमचे रान आहे. तिथे काही येत नाही.' क्षारपड जमीन. काळी माती, पाण्याचा निचरा कमी, उसाला पाटाने भरभरून पाणी, आणि पाणीपट्टी मापावर न आकारता क्षेत्रावर आकारायची पद्धत, त्यामुळे हात आखडायचे कारणच नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढत मुळांशी येते, उन्हाने पाणी उडून जाते, क्षार वर राहतात. व्होहच्या खारफुटीत भरतीने जे केले तेच इथे आपण कालव्याने केले. फ्रान्सच्या पोस्टरवरचा बदाम आणि या मुलीच्या बापाचे रान यांचे रसायन एकच. फरक इतकाच की इथे नापीक झालेल्या रानाचा सातबारा आहे आणि त्यावर सोसायटीचा बोजा आहे. शाश्वततेची व्याख्या मी त्या दिवशी फळ्यावर लिहिली नाही. लिहायची गरज पडली नाही.

कालव्याच्या वरच्या बाजूला निळेकाळे चौकोन दिसतात. शेततळी. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि आज नाशिक, अहिल्यानगर, जालन्याचा कुठलाही फोटो उघडा, या चौकोनांची रांगोळी दिसते. योजनेतल्या सगळ्यात मोठ्या तळ्याचे माप ३० मीटर बाय ३० मीटर. आता एक गंमत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचे १९८० च्या दशकापासूनचे फोटो फुकट मिळतात आणि त्यात चित्राचा सगळ्यात छोटा ठिपका जमिनीवर नेमका ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. म्हणजे एक पूर्ण शेततळे जास्तीत जास्त एक ठिपका. मापाचा अंदाज मुलांना येत नाही अशी तक्रार होती ना? मग त्यांना मैदानावर ३० मीटरची दोरी चार बाजूंनी धरून उभे करा आणि सांगा, अवकाशातून तुम्ही सगळे मिळून एवढेच दिसता.

मग गणिताच्या तासाला बसायचे. तळ्याचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्यातून रोज साधारण ८ मिलिमीटर थर उडून जातो असे धरा. ९०० गुणिले ०.००८, म्हणजे ७.२ घनमीटर, म्हणजे रोज ७,२०० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरवले आहे. भागाकार करा: १३० माणसे. एका तळ्यावरून एका दिवसात एका वस्तीचे पाणी हवेत जाते. आता फोटोतली तळी मोजा, गुणाकार करा. वर्गात शांतता पसरते. ही आकडेमोड मोठी नाही, पाचवी-सहावीचीच आहे.

इथेच थांबलो तर मात्र मी पोस्टरवाल्यांच्याच पंगतीला बसेन. कारण फोटो पाहून मूल 'शेततळे वाईट' असा निष्कर्ष काढेल आणि ज्याच्या बापाने तळे काढले त्याची मान खाली जाईल. खरा प्रश्न फोटोत नाहीच. तळे कशाने भरले? योजना आखली ती पावसाचे वाहून जाणारे पाणी धरायला. तसे भरले असेल तर डाळिंबाची बाग जगवणारे ते तळे आहे आणि उडून गेलेले पाणी हा त्याचा खर्च आहे. पण खाली प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरचे पाणी उपसून ते भरले असेल, तर जमिनीखाली सावलीत असलेले, सगळ्या शिवाराचे पाणी एकाने वर आणून उन्हात ठेवले असा त्याचा अर्थ. वरून दोन्ही तळी सारखीच निळी दिसतात. म्हणून मुलांनी जायचे आणि विचारायचे.

जाऊन विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न एकच आहे: 'बोअर कोणत्या साली घेतले आणि किती फुटांवर पाणी लागले?' खोऱ्यातले सगळ्यात महत्त्वाचे पाणी कुठल्याही हवाई फोटोत दिसत नाही, ते या प्रश्नाने दिसायला लागते. शेतकरी हे आकडे विसरत नाही. प्रत्येक फुटाचे पैसे त्याने मोजलेले असतात. पोरे वहीत लिहून आणतात, फोटोवर बटर पेपर अंथरून त्या त्या जागी आकडा टाकतात. जुनी बोअरे एका रंगात, नवी दुसऱ्या रंगात. त्या कागदावर काय उमटते ते मी सांगत नाही. तुमच्या गावात करून पाहा, बहुतेक ठिकाणी सारखेच उमटते.

वरून पाहा आणि खाली उतरून विचारा, ही कल्पना माझी नाही. पॅट्रिक गेडिस हे नाव आपल्यातल्या काहींना ठाऊक असेल. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला १९१९ मध्ये जे पहिले प्राध्यापक आले, ते हे स्कॉटिश गृहस्थ. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. एडिंबरा शहरात १८९२ मध्ये त्यांनी एक जुना मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर काळोखी खोली होती आणि आरसा-भिंगातून शहराचे हलते चित्र टेबलावर पडायचे. पाहुण्यांना गेडिस जिने चढवत धावतच वर नेत. दम लागलेला माणूस जास्त ताजेपणाने पाहतो असा त्यांचा दावा होता. आधी वरून शहर पाहायचे, मग एकेक मजला उतरायचा: शहराची खोली, स्कॉटलंडची खोली, मग युरोप, आणि तळमजल्यावर जग. बघा, आपला अभ्यासक्रम जगाकडून गावाकडे येतो की गावाकडून जगाकडे जातो यावर आपण अजून परिसंवाद घेतो. मला त्या मनोऱ्यातली सगळ्यात आवडते ती एक रिकामी, अंधारी कोठडी. तिच्यात एकच खुर्ची. जे पाहिले त्यावर बसून विचार करायला. आमच्या वेळापत्रकात असा तास कुठे बसवायचा ते मला आजवर जमलेले नाही, संस्थाचालकांनी सांगावे.

फोटो आयते मिळतात, मग स्वतः काढायचे कशाला? मिळणारा फोटो गेल्या वर्षीचा असतो आणि मुलांना कालच्या पावसाचा हवा असतो. पतंगाला कॅमेरा बांधून फोटो काढण्याची युक्ती जुनी आहे; आर्त्युर बात्यूने फ्रान्समध्ये १८८८ मध्ये ती केली. अमेरिकेत २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी पतंग आणि फुग्यांना साधे कॅमेरे बांधून स्वतःचे नकाशे केले. कॅमेऱ्याला आपटण्यापासून वाचवायला कापलेली प्लास्टिकची बाटली. येवल्याची पोरे संक्रांतीला जी कसरत करतात त्यापुढे हे काहीच नाही, फक्त नायलॉनचा मांजा नको, त्याला बंदी आहे. जाता जाता, १९३४ च्या विमान कायद्यातल्या 'विमान' या संज्ञेत पतंगाचाही समावेश होता. म्हणजे येवला हे कायद्याने मोठेच हवाई केंद्र म्हणायचे.

ड्रोन सोपा आहे, कारण तो गावात आधीच आलेला आहे. लग्नाच्या फोटोग्राफरकडे असतो. नवरदेवाच्या घोड्यावर फिरणारा तो ड्रोन एका सकाळी ओढ्यावर फिरवायला बहुतेक जण चहाच्या बोलीवर तयार होतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी, परवाना आणि कुठल्या भागात उडवायचे त्याचा नकाशा हे सगळे आधी पाहावे लागते. शिर्डी विमानतळाच्या आसपासच्या शाळांनी तर विशेषच. पण सरकारी परवानगीच्या आधी एक परवानगी असते. आपल्या कित्येक घरांच्या न्हाणीला अजून छप्पर नाही. ड्रोन वर गेला की बायाबापड्या आडोशाला पळतात. कुठल्या वेळी उडवायचे, कुठल्या आळीवरून नाही, हे मुलांनी आधी घरोघर जाऊन विचारायचे. माझ्या मते हा अर्धा धडा त्या विचारण्यातच शिकून होतो.

आणि एक अवघड गोष्ट, जिच्याबद्दल हवाई फोटोचे उत्साही पुरस्कर्ते बोलत नाहीत. फोटोत गायरान दिसते. गायरानावरची घरेही दिसतात. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या होत्या, ते आठवत असेल. वर्गातले एक मूल आपले घर शोधून त्यावर आनंदाने बोट ठेवते आणि दुसरे म्हणते, 'हे अतिक्रमण आहे.' शिक्षकाने त्या क्षणी काय करावे? मी तरी एवढेच करत आलो: मग गावातली सगळी अतिक्रमणे शोधा म्हणतो. ओढ्याच्या पात्रात पुढे सरकलेले बांध शोधा, शिवरस्ता गिळलेली शेते शोधा, नाल्यावर आलेले मंगल कार्यालय शोधा. फोटो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. तो अर्धवट वाचणारा मात्र ठेवतो.

शेवटी एक मागणी आहे आणि ती या सभेतल्या लोकप्रतिनिधींकडे आणि अधिकाऱ्यांकडे आहे. केंद्राने २०२० मध्ये 'स्वामित्व' योजना सुरू केली. गावठाणांचे ड्रोनने मोजमाप झाले. तुमच्यापैकी अनेकांनी ड्रोन यायच्या आदल्या दिवशी आपापल्या घराभोवती फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या असतील. त्या फोटोंवरून मालमत्ता पत्रके निघाली, सनदा वाटल्या. म्हणजे गावठाणाचा इतका बारीक फोटो, की त्यात अंगणातली तुळस दिसावी, सरकारी खर्चाने काढून झालेला आहे आणि तो भूमी अभिलेखच्या संगणकात पडून आहे. त्याची एक छापील प्रत प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला द्या. मालकांची नावे आणि गट क्रमांक काढून टाका, शाळेला त्यांची गरज नाही. गावठाणाबाहेरच्या शिवारासाठी 'भुवन'वरचा फोटो जोडा, एक पावसाळ्यानंतरचा आणि एक मेमधला. शाळेचे वार्षिक अनुदान फ्लेक्सच्या खर्चाला पुरते. आणि वर्षाअखेरीला मुलांनी आकडे भरलेला तो बटर पेपर १ मेच्या ग्रामसभेत ठेवायचा, पाण्याचा विषय निघण्याआधी. सरपंचांनी त्यावर काय ठराव घ्यायचा तो घ्यावा. पण बोअरांच्या खोलीचे आकडे कुठून आले, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला पाचवीचा वर्ग मागच्या रांगेत बसलेला असला पाहिजे, तेवढी परवानगी ग्रामसेवकांनी द्यावी.